जंगलातल्या लग्नाला जाताना : मोहर्लीच्या पाहुण्यांसाठी चार गोष्टी

पूर्वी लग्नाचा दावतनामा हाती पडला की त्यात तीनच गोष्टी पाहायच्या असत : तारीख कोणती, निकाह कोणत्या मशिदीत आणि जेवण कोणत्या हॉलमध्ये. आता चौथी गोष्ट आली आहे : गाव कोणते? नवऱ्यामुलाचे घर एका शहरात, मुलीचे दुसऱ्या शहरात आणि लग्न तिसऱ्याच ठिकाणी. कुणाचा निकाह गोव्याच्या किनाऱ्यावर, कुणाचा वलीमा थायलंडमध्ये, कुणाचे आखाती देशातले नातेवाईक सगळ्या खानदानाला मलेशियाला बोलावतात. आपल्या विदर्भात या यादीत एक नाव भरले गेले आहे, ते म्हणजे मोहर्ली. ताडोबाच्या दारातले हे गाव. तिथल्या रिसॉर्टमध्ये दोन-तीन दिवसांचे लग्न, सोबत वाघ पाहण्याची सफारी, असा बेत असतो.

असे लग्न करावे की करू नये, हा वाद घराघरांत चालू आहे आणि तो चालू राहील. पण दावत देणारा एक असतो आणि जाणारे शंभर. त्या शंभरांना कुणी काही सांगत नाही. बॅगेत काय भरावे, नमाज कशी सांभाळावी, मुलांना कसे जपावे, खर्च झेपत नसेल तर काय म्हणावे, हे प्रश्न पाहुण्यांचेच असतात. आम्ही अशा लग्नांना जाऊन आलो आहोत आणि सुट्टीत मुलांना घेऊनही त्या जंगलात गेलो आहोत. म्हणून हे लिहीत आहोत.

मोहर्ली आहे तरी कुठे?

मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातले छोटे गाव. चंद्रपूर शहरापासून साधारण तीस किलोमीटर. वाटेत दुर्गापूर, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाच्या खाणी आणि मग एकाएकी साग-बांबूचे रान सुरू होते. एका बाजूला इरई धरणाचे पाणी दिसते. याच पाण्यावर चंद्रपूरचे वीज केंद्र चालते. गावाला लागूनच ताडोबाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार आहे.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जाहीर झाले. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. आतला गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र. बफर म्हणजे जिथे माणसे आणि जनावरे दोन्ही राहतात तो पट्टा. मोहर्ली याच पट्ट्यात आहे, हे पाहुण्यांनी आधी मनात पक्के करावे. आपण ज्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसणार आहोत, ती हिरवळ वाघाच्या घराच्या ओसरीवर आहे.

हा मुलूख गोंड राजांचा. चंद्रपूर ही त्यांची राजधानी होती, आणि शहराचा जुना परकोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत. नागपूरहून येणाऱ्या मुलांना हेही सांगावे की नागपूर शहर वसवणारे देवगडचे राजे बख्त बुलंद शाह हे गोंडच होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. लग्नाच्या निमित्ताने मुलांना आपल्याच मुलखाचा एवढा इतिहास कळला, तरी प्रवास कामी आला म्हणायचे.

निघण्याआधी

दावतनाम्यावर नुसते ‘ताडोबा’ लिहिले असेल तर यजमानांना फोन करून प्रवेशद्वाराचे नाव विचारून घ्या. ताडोबाला अनेक दारे आहेत. मोहर्लीला जायचे तर चंद्रपूरकडून यावे लागते, आणि कोलारा किंवा नवेगावच्या दाराला चिमूरकडून. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात, पण मध्ये जंगलाचा गाभा आहे आणि बाहेरून वळसा घालायला काही तास जातात. निकाहची वेळ चुकण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी सेवाग्रामहून हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर आणि बल्लारशाह असा मार्ग आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या कित्येक गाड्या बल्लारशाहला थांबतात. विमानाने यायचे तर नागपूर, आणि तिथून रस्त्याने साडेतीन-चार तास धरावेत. कसेही या, पण चंद्रपूर ते मोहर्ली हा शेवटचा टप्पा उजेडात पार पडेल असे पाहा. रात्री या रस्त्यावर चितळ, रानडुक्कर, अस्वल, कधी बिबट किंवा वाघही आडवा येतो. गाडीचा वेग कमी ठेवा, हॉर्न वाजवू नका, आणि जनावर दिसले म्हणून काच खाली करून खाली उतरू नका. मुलाला लघवी लागली तरी रानात गाडी थांबवू नये. दुर्गापूर सोडण्याआधीच सगळे उरकून घ्यावे.

रोख पैसे, औषधे, बाळाचे दूध, पेट्रोल ही खरेदी चंद्रपूरमध्येच करावी. मोहर्लीत मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून रिसॉर्टचे नाव, पत्ता आणि यजमानांचा नंबर कागदावर लिहून घरातल्या दोघांजवळ ठेवा. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांनी दोन दिवसांची औषधे जास्त घ्यावीत. मोठे रुग्णालय गाठायचे तर चंद्रपूरलाच यावे लागते.

कपडे : लग्नाचे वेगळे, रानाचे वेगळे

चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांतल्या लग्नाला जरीचा शरारा आणि शेरवानी म्हणजे स्वतःला शिक्षा आहे. सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घ्या, आणि दुपारी अकरा ते चार मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावलीतून हलवू नका. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत हाताशी ठेवा. लघवी कमी होणे, डोके दुखणे, ग्लानी येणे ही उष्माघाताची चाहूल आहे, ‘थकवा आला असेल’ म्हणून सोडू नये.

डिसेंबर-जानेवारीत उलटे असते. पहाटे उघड्या जिप्सीत बसल्यावर वारा हाडांत शिरतो. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि एक चादर प्रत्येकाला हवीच. पुणे-मुंबईचे पाहुणे ‘विदर्भात कसली थंडी’ म्हणून येतात आणि मग यजमानांच्या शाली मागत फिरतात.

सफारीला लाल-पिवळे भडक कपडे नकोत. खाकी, मातकट, गर्द हिरवा असे रंग चालतात. बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या भगिनींनी शक्यतो मातकट रंगाचा, सुती आणि पायघोळ नसलेला घ्यावा. जिप्सीत चढताना घोळ पायात येतो आणि काळ्या कपड्यावर धुळीचा थर बसतो. ओढणी पिनने नीट बांधावी, ती वाऱ्यावर फडफडली तर जनावर बुजते. अत्तर मात्र निकाहच्या वेळेसाठी राखून ठेवा. उग्र वास रानात चालत नाही. आग्या मोहोळाच्या माशा कशाने चवताळतील याचा भरवसा नसतो.

डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे आणि मलम न्यावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप जुनाच आहे. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणाला थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना ‘आम्ही ताडोबाच्या रानात राहून आलो’ हे न विचारता सांगा आणि रक्त तपासून घ्या.

नमाज आणि सफारी

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण लग्नघरात याचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

पहिली गोष्ट कसरची. हनफी उलमांपैकी बरेच जण सुमारे ७८ किलोमीटरचे अंतर धरतात, काही ९२ किलोमीटर. नागपूर, यवतमाळ, मुंबई, पुणे इथून येणारे आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारे दोन्ही हिशेबांनी मुसाफिर ठरतात. जुहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन. फजर आणि मगरिब जशाच्या तशा. पण चंद्रपूर किंवा भद्रावतीहून आलेला पाहुणा मुसाफिर नाही, त्याला पूर्ण पढायची आहे. लग्नात दोन्ही प्रकारचे लोक एकाच जमातीत उभे राहतात, म्हणून आधी ठरवून घ्यावे. इमाम मुकीम असेल तर मुसाफिरानेही त्याच्यामागे पूर्ण पढावी. इमाम मुसाफिर असेल तर दोन रकातींवर सलाम फेरल्यावर मुकीम मंडळींनी उरलेल्या दोन पूर्ण कराव्यात. किबला इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. मोबाइलचे होकायंत्र रेंज नसतानाही चालते, तरी घरून निघताना हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट सफारीच्या वेळेची. सफारी दोन असतात, सकाळची आणि दुपारची. डिसेंबरात मोहर्लीकडे फजरची वेळ साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि सूर्य पावणेसातला उगवतो. म्हणजे खोलीत वुजू करून, फजर पढून मग दारावर पोहोचता येते. जुहरच्या आधी तुम्ही परत आलेले असता, त्यामुळे कुठलीच नमाज अडत नाही.

दुपारच्या सफारीत मात्र अडचण आहे. डिसेंबरात हनफी हिशेबाने असर चारच्या थोडे पुढे सुरू होते आणि सूर्य पाच-चाळीसला मावळतो. ही सगळी वेळ तुम्ही जिप्सीत असता. ठरलेल्या थांब्याशिवाय खाली उतरायला सक्त मनाई आहे, आणि ती आपल्या जिवासाठीच आहे. उन्हाळ्यात असर पावणेपाचला सुरू होते, सूर्यास्त पावणेसातला. परतल्यावर हाती मोजकीच मिनिटे उरतात आणि तीही दैवावर. म्हणून हनफी घरांना आमचा सरळ सल्ला आहे : सकाळची सफारी घ्या. कोकणातून येणारे आपले शाफई बांधव प्रवासात जुहर आणि असर एकत्र पढू शकतात, त्यांना दुपारची सोय होते. तरी ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारून निघावे. वाघ आज दिसला नाही तर उद्या दिसेल. कजा झालेली असर मात्र त्या वेळेची राहत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. पहाटेची किंवा रात्रीची जमात हॉलमध्ये किंवा इमारतीच्या आतल्या अंगणात करावी. तळ्याच्या काठी, बांबूच्या बेटाजवळ, दिव्याच्या उजेडाबाहेर चटई टाकू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असे तिथले जाणते लोक सांगतात. रुकू-सजद्यात आपण तसेच दिसतो. जीव जपणे हाही दीनचाच भाग आहे.

सफारीचे नियम

गाभ्यातली सफारी मंगळवारी बंद असते, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा पर्यटकांसाठी बंदच राहतो. म्हणून सोमवारच्या निकाहनंतर ‘मंगळवारी वाघ पाहू’ असा बेत कुणी आखला असेल तर तो आधीच बदलून घ्या. त्या दिवसांत बफरमधले आगरझरी, जुनोना, देवाडा-अडेगाव हे मार्ग काही वेळा उपलब्ध असतात, त्याची चौकशी करावी. आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे. ज्यांच्यासोबत लहान मुले आहेत त्यांना जिप्सीतल्या लांब सफारीपेक्षा तेच अधिक मानवेल.

बुकिंग वन विभागाच्या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ होते. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक. ज्या ओळखपत्राचा नंबर बुकिंगला दिला तेच मूळ ओळखपत्र दारावर दाखवावे लागते. छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट खोलीत ठेवून येऊ नये. एकाच्या जागी दुसरा, ‘खाला येत नाहीत, फूफी येतील’ असा बदल दारावर होत नाही. लग्नघरात ऐन वेळी माणसे बदलतातच, तेव्हा नावे देतानाच विचार करावा.

मोबाइल आत नेऊ देत नाहीत. पहिल्यांदा सर्वांना याचा राग येतो, पण अर्ध्या तासात रान ऐकू येऊ लागते. चितळाची शीळ, वानराचे खेकसणे, सांबराची धाप. वाघ निघाला की हे आवाज एकामागून एक येतात आणि गाइड कान टवकारतो. ती भाषा मुलांना कळू लागली की वाघ दिसला-न-दिसला तरी त्यांना फरक पडत नाही. गाइड बहुतेक आजूबाजूच्या गावांतलेच असतात, त्यात मुलीही आहेत. त्यांना ‘वाघ दाखव, जास्त पैसे देतो’ असे म्हणू नये. त्याने ते गोंधळतात आणि चालक गाडी दामटतो. चांगली सफर झाली तर परतल्यावर बक्षीस द्यावे.

गरोदर भगिनी, कंबरदुखीचे रुग्ण आणि तान्ह्या बाळाच्या आया यांनी सफारी टाळावी. रस्ते खाचखळग्यांचे आहेत. त्यांच्यासोबत घरातले कुणीतरी एक रिसॉर्टवर थांबेल, हे आदल्या रात्रीच ठरवावे. नाहीतर सकाळी सगळे निघून जातात आणि दादी एकटी राहते.

रात्रीचा आवाज आणि उरलेले हाड

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लग्न म्हटले की आवाज आला. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि हा नियम शहरालाही आहे. जंगलाच्या काठावर त्याहून जास्त जपावे लागते. रात्र ही जनावरांच्या चरण्या-पिण्याची वेळ. पाणवठ्याकडे निघालेले जनावर आवाजाने बिथरले की वाट बदलते, आणि बदललेली वाट कधी शेतातून जाते, कधी गोठ्यातून. आपण वरातीत नाचून दुसऱ्या दिवशी घरी जातो. शेतावर राखणीला बसलेला माणूस तिथेच असतो. फटाके आणि ड्रोन यांचा तर विचारही करू नये. आपल्या निकाहला ढोल-डीजेची गरज कधीच नव्हती. दुल्हन-दुल्ह्याच्या तरुण मित्रांना हे प्रेमाने सांगण्याचे काम घरातल्या मामू-चाचांनी करावे.

दुसरी गोष्ट वलीम्याच्या जेवणाची. बिर्याणीची हाडे, उरलेले मटण, प्लेटा हे सगळे रिसॉर्टच्या मागे टाकले की आधी कुत्री येतात. कुत्र्यांमागे बिबट येतो. बिबटाला गावाची सवय लागली की पुढे काय होते, हे चंद्रपूरकरांना विचारा. मोहर्लीच्या वाटेवरच्या दुर्गापुरात २०२२ मध्ये बिबट्याने एका लहान मुलाचा बळी घेतला. याला फक्त लग्नाचे जेवण जबाबदार असते असे आम्ही म्हणत नाही. वस्त्यांतला कचरा, वाढलेली कुत्री आणि आक्रसलेले रान ही कारणे मोठी आहेत. पण आपल्या दस्तरखानाने त्यात भर घालू नये. पाहुणा म्हणून तुम्ही दोन गोष्टी करू शकता : ताटात तेवढेच घ्या जेवढे संपेल, आणि उरलेले अन्न झाकणबंद डब्यात भरून बाहेर नेण्याची सोय आहे का, हे यजमानांना आधी विचारा. इसराफ टाळण्याची ताकीद आपल्याला लहानपणापासून आहे. इथे त्या ताकिदीवर कुणाचे तरी लेकरू अवलंबून आहे. वानरांनाही खायला घालू नका. हातातून हिसकावण्याची सवय लागली की ती मुलांना ओरबाडतात.

हलालची चौकशी लाजून मागे ठेवू नये. जेवण कुठून येते, मांस कुणाकडून येते, स्वयंपाकघरात भांडी वेगळी आहेत का, हे यजमानांना आठवडाभर आधी विचारावे. ऐन पंगतीत कुजबुज करण्यापेक्षा ते बरे. आणि रानातल्या शिकारीचे मांस ‘इथली खासियत’ म्हणून कुणी देऊ केले, तर हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

रात्री एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातानाही दोघांनी मिळून, हातात टॉर्च घेऊन जावे. मुलांनी लपाछपी कुंपणाच्या आतच आणि उजेडातच खेळावी. आम्ही शाळेच्या मुलांना एकच नियम देतो : जिथे मोठ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तिथे जायचे नाही.

गावाचा हक्क

मोहर्लीत पाहुणा येतो, चार दिवस राहतो आणि जातो. पण या रानाची किंमत इथल्या माणसांनी मोजली आहे. गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठून दुसरीकडे वसली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया-माणसे रानात जातात, कारण वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. २०२५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघाने मारले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या गाभ्यात, व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ज्या वाघाचा फोटो आपण घरी दाखवतो, त्याच वाघाच्या भीतीत कुणीतरी सरपण आणायला जाते. हे ठाऊक असलेला पाहुणा गावातून जाताना गाडी हळू चालवतो, बायकांचे फोटो न विचारता काढत नाही आणि खोली झाडणाऱ्या बाईला सलाम-नमस्कार करतो.

ज्या वलीम्यात धनवंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, ते जेवण वाईट, अशी आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. यजमान जवळचे असतील तर त्यांना सुचवा की रिसॉर्टच्या कामगारांची आणि शेजारच्या घरांची एक पंगत वलीम्यात असू द्या. त्यांच्यापैकी कुणी मांस खात नसेल तर त्यांच्यासाठी वरण-भात, भाजी वेगळ्या भांड्यात असावी. आहेर द्यायचाच तर शहरातल्या चकचकीत डब्याऐवजी तिथल्या बायांनी विणलेल्या बांबूच्या वस्तू घ्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि या भागात हे काम चांगले होते.

झेपत नसेल तर

शेवटी त्या प्रश्नाकडे येतो, जो कुणी मोठ्याने विचारत नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई शिवणकाम करून घर चालवते. तिच्या चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न असेच एका जंगल-रिसॉर्टमध्ये ठरले. राहणे-जेवणे यजमानांकडे होते. पण तिकिटे, तीन मुलांचे कपडे, आहेर आणि त्यावर मेंदीला सर्व बायकांनी पिवळे, संगीतला हिरवे घालायचे, असा निरोप. ती हिशेबाचा कागद घेऊन आमच्याकडे आली. दोन महिन्यांची कमाई त्यात जात होती. ‘नाही गेले तर म्हणतील हिला गर्व झाला, गेले तर फी राहील,’ असे ती म्हणाली.

आम्ही तिला एवढेच सांगितले की दावत कबूल करणे सुन्नत आहे, कर्ज काढणे नाही. तिने आमच्यासमोरच फोन लावला. ‘आपा, मी निकाहला येईन, धाकट्याला घेऊन. मेंदीला येणं जमणार नाही आणि नवे कपडेही जमणार नाहीत. दुआ मात्र मनापासून आहे.’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आपा म्हणाली, ‘तू ये गं, कपड्यांचं कोण विचारतं?’ पुढे कळले की रंगाचा तो निरोप तिने सगळ्यांसाठीच मागे घेतला. आणखी किती घरांत तो कागद पडून होता, कुणास ठाऊक.

म्हणून ज्यांना झेपत नाही त्यांनी गप्प बसून ऐन दिवशी गैरहजर राहू नये. दावतनामा आला की आठवड्याच्या आत, स्पष्ट शब्दांत, कारण सांगून कळवावे. पूर्ण जमत नसेल तर एकच कार्यक्रम निवडावा, आणि तो निकाहचा असावा. तेही जमत नसेल तर नवरा-नवरी परत आल्यावर त्यांना घरी जेवायला बोलवावे. ज्यांना झेपते त्यांनी गाडीतली रिकामी जागा एखाद्या खालाला, एखाद्या चाचाला द्यावी आणि तिचा उल्लेख पुन्हा करू नये.

आणि जे असे लग्न ठरवत आहेत त्यांनाही एक विनंती. यादी करताना आधी हे पाहा की खानदानातला सर्वांत गरीब आणि सर्वांत म्हातारा माणूस तिथे पोहोचू शकेल का. पोहोचू शकत नसेल तर निकाह मोहल्ल्याच्या मशिदीत करा, आणि जंगल नंतर ज्याला-त्याला आपल्या सवडीने पाहू द्या. निकाह जितका सोपा, तितकी त्यात बरकत.

निघताना प्रवासाची दुआ मुलांकडून म्हणवून घ्या, परतताना खोलीत प्लास्टिकची एकही पिशवी मागे राहिली नाही ना, हे पाहा. वाघ दिसला तर त्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. नवदांपत्यासाठी दुआ करा, आणि एक दुआ त्या गावासाठीही करा, की उद्या पहाटे मोह वेचायला गेलेली बाई संध्याकाळी सुखरूप घरी यावी. आमीन.